वाचकांचे प्रश्न : भिक्षूंच्या हातात शस्त्र आलं कुठून?

गेल्या अंकात मी जपानमधल्या ओत्सू गावातल्या भाड्याच्या खोलीबद्दल लिहिलं होतं. खिडकीतून हिएई डोंगर दिसायचा, म्हणून जाता जाता एक वाक्य टाकलं : 'याच डोंगरावरचे शस्त्रधारी भिक्षू १५७१ साली ओदा नोबुनागाने कापून काढले आणि अख्खा डोंगर राख केला.' (नोबुनागा म्हणजे सोळाव्या शतकातला तिथला बलाढ्य सरदार.) खोलीबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. त्या एका वाक्यावर मात्र पत्रांचा ढीग. तेव्हा या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला. एक आधीच सांगते, मी इतिहासाची प्राध्यापक नव्हे. यंत्रांच्या कारखान्यासाठी जपानी-मराठी दुभाषी म्हणून दोन वर्षं तिकडे राहिले आणि सुट्टीच्या दिवशी देवळं पाहत हिंडले, इतकंच.

ताई, जय भीम. 'पाणातिपाता वेरमणी' हे आमचं पहिलं शील, आम्ही ते लहानपणापासून म्हणतो. बुद्धाचं नाव घेणाऱ्या भिक्षूंनी भाले-तलवारी कशा धरल्या? की हे सगळं सिनेमावाल्यांचं? (एक वाचक, नागपूर)

जय भीम दादा. धरायला नको होत्या, आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. हिएईवरचे भिक्षू जी बोधिसत्त्व-शीलं घेत ती ब्रह्मजाल सूत्रातली. त्यातही हत्या न करणं पहिलंच, आणि पुढच्या दुय्यम शीलांत शस्त्रं जवळ बाळगू नयेत असं स्वच्छ सांगितलंय. शिवाय डोंगरावरच्या एन्र्याकुजी मठाचे अठरावे प्रमुख र्योगेन यांनी ९७० साली २६ कलमी नियमावली काढली. डोकं-तोंड कापडाने झाकून फिरू नये, हत्यारं घेऊन आवारात येऊ नये, वगैरे. आता 'जिन्यात थुंकू नये' ही पाटी कुठे लागते ते आपल्याला माहीतच आहे. ९७० साली नियम करावा लागला याचा अर्थ ९७० च्या आधीच तोंड झाकून हत्यारं फिरत होती.

कारण विचाराल तर जमीन. साइचो नावाच्या भिक्षूने ७८८ साली त्या डोंगरावर छोटं देऊळ बांधलं. पुढे क्योतो राजधानी झाली आणि हा डोंगर नेमका तिच्या ईशान्येला आला. जपानी समजुतीप्रमाणे ती भुतांची दिशा, म्हणून डोंगरावरचा मठ राजधानीचा राखणदार ठरला. सरदारांनी पुण्य म्हणून गावंच्या गावं मठाला लावून दिली. आपल्याकडच्या देवस्थान इनामांसारखंच, सारा माफ. सरदारांची धाकटी मुलं भिक्षू होऊन वर आली ती घराण्याची भांडणं पाठीवर घेऊनच. मठाचा तांदूळ आला, तांदळाबरोबर सावकारी आली. मध्ययुगात क्योतोतल्या सावकारांपैकी बहुसंख्य या ना त्या नात्याने हिएईचे आश्रित होते. इनाम आलं की हद्दीचा तंटा येतो. त्या काळी निवाडा करणारं दरबारचं बळ दिवसेंदिवस कमी होत होतं, म्हणून ज्याने त्याने आपापले लठैत पाळले. मठानेही पाळले.

पण हे लढणारे म्हणजे ध्यान-अध्ययन सोडून उठलेले पंडित भिक्षू, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. डोंगरावर शास्त्र शिकणारे वेगळे, दिवाबत्ती-झाडलोट-कोठार बघणारे वेगळे, आणि मठाच्या गावांतले कुळवाडी व छोटे सरदार आणखी वेगळे. हत्यार बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या थरातल्यांच्या हाती. बाराव्या शतकाच्या अखेरीस पंडित आणि कामकरी भिक्षू यांचीच आपापसात लढाई जुंपली होती. आणि मठाचा सगळ्यात जुना वैरी कोण? डोंगराच्या पायथ्याचा मिइदेरा. पंथ तोच, गुरुपरंपरेवरून फाटलेलं. हिएईच्या लोकांनी १०८१ साली तो जाळला, आणि नंतर पुन्हा पुन्हा जाळला.

तरी त्यांचं सगळ्यात जबर हत्यार लोखंडाचं नव्हतंच. डोंगरापायथ्याच्या हियोशी देवस्थानाची मिकोशी, म्हणजे देवाची पालखी, ते खांद्यावर घेत आणि गर्जना करत क्योतोत उतरत. १०९५ पासून हे सुरू झालं. मागणी मान्य झाली नाही तर पालखी भर रस्त्यात ठेवून सरळ डोंगरावर परत. आता लावा हात! आपल्या शहरात कुणी भर चौकात पालखी टेकवून निघून गेलं तर फौजदाराची जी गत होईल, ती दरबाराची व्हायची. ११७७ साली कागा प्रांतातल्या अधिकाऱ्यांनी मठाच्या आश्रयातलं एक देऊळ जाळलं म्हणून पालख्या आल्या. पहाऱ्यावरच्या सैनिकांचे बाण एका पालखीला लागले. शेवटी प्रांताधिकारी हद्दपार आणि बाण मारणारे सैनिक तुरुंगात! निवृत्त सम्राट शिराकावाच्या नावावर एक उद्गार सांगतात : कामो नदीचं पाणी, सोंगट्यांच्या खेळातले फासे आणि डोंगरावरचे भिक्षू, या तीन गोष्टी माझं ऐकत नाहीत.

सिनेमावाल्यांचं म्हणाल, तर पांढऱ्या कापडाने डोकं गुंडाळलेला, लांब दांड्याला वक्र पातं लावलेलं नागिनाता घेतलेला तो धिप्पाड भिक्षू बराचसा नंतरच्या चित्रकारांचा. नागिनाता त्या काळी सगळेच वापरत, आणि मठाची माणसं धनुष्यबाण-तलवारीनेही लढत. 'सोहेई' म्हणजे योद्धा-भिक्षू हा शब्दसुद्धा पुष्कळ उशिराचा. त्या काळचे कागद त्यांना नुसता 'समुदाय' म्हणतात. चिडले की 'वाईट भिक्षू'.

स. न. वि. वि. नोबुनागाने मठ जाळला तो धर्मद्वेषातून का? की भिक्षूंनी आगळीक केली होती? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

ताई, तुमचं वाक्य चुकलंय. अख्खा डोंगर राख झाला हे आता अभ्यासक मानत नाहीत. (एक वाचक, ठाणे)

ठाणेकर, बरोबर पकडलंत. दोन्ही उत्तरं एकत्रच देते.

सर, आगळीक म्हणाल तर होती, आणि ती राजकारणातली. १५६८ साली नोबुनागा शोगुन-पदासाठी (शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य हाकणारा सेनापती) अशिकागा योशिआकीला घेऊन क्योतोत शिरला. नव्या अमलात मठाच्या जमिनी गिळल्या जाऊ लागल्या. १५७० च्या शरदात नोबुनागाचे वैरी अझाई आणि असाकुरा यांच्या फौजा बिवा तलावाकाठाने आल्या आणि हिएईवर चढून बसल्या. नोबुनागाने मठाला निरोप धाडला तो त्याचा चरित्रकार ओता ग्युइची याने नोंदवलाय. माझ्या बाजूने या, तुमच्या जमिनी परत देतो. भिक्षू म्हणून बाजू घेता येत नसेल तर निदान मध्ये पडू नका. दोन्ही नाही म्हणालात तर जाळून टाकीन. मठाने उत्तरच दिलं नाही. हिवाळ्यात तात्पुरता तह झाला, फौजा उतरल्या. लोकांना वाटलं, मिटलं.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १५७१ रोजी, तो परत आला. आधी पायथ्याचं साकामोतो गाव पेटवलं. माणसं बायकामुलांसह हियोशी देवस्थानामागच्या हाचिओजी टेकडीवर पळाली. तिथे त्यांना गाठून मारलं. किती? फ्रोइश नावाचा पाद्री दीडेक हजार म्हणतो, क्योतोतला एक दरबारी आपल्या रोजनिशीत तीन-चार हजार लिहितो. पोरं आणि बाया सोडल्या नाहीत, यावर मात्र मतभेद नाही. म्हणून 'तो फक्त धोरणी होता हो' असं कुणी म्हणालं की मला ते घशाखाली उतरत नाही. धोरणी होताच. साकामोतो त्याने आकेची मित्सुहिदेला दिलं, त्याने तलावाकाठी किल्ला बांधला, म्हणजे जागा कशासाठी हवी होती ते कळतं. पण द्वेष नव्हता म्हणून मेलेल्यांना काय फरक पडला?

धर्मद्वेष्टा तो नव्हता हेही खरं. आझुचीच्या स्वतःच्या किल्ल्यात त्याने देऊळ ठेवलं. क्योतोत तो निचिरेन या बौद्ध पंथाच्या होन्नोजी देवळात उतरायचा. १५८२ साली मेला तोही तिथेच, आणि मारणारा कोण, तर साकामोतो मिळालेला मित्सुहिदे. (हे मी ओत्सूतल्या घरमालकीणबाईंना 'काय योगायोग!' म्हणून सांगायला गेले. त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, 'योगायोग कसला?' टीव्हीवर नोबुनागाची मालिका लागली की त्या चॅनेल बदलत.)

आता राखेचं. १९७० च्या दशकापासून डोंगरावर उत्खननं झाली. १५७१ चा म्हणून ओळखता येणारा जळका थर मोजक्याच इमारतींपाशी सापडला. बाकी बऱ्याच वास्तू आधीच ओस पडल्या होत्या, भिक्षू खाली साकामोतोतच सुखाने राहत. नाराचा एइशुन नावाचा भिक्षू १५७० साली वर गेला होता. मुख्य देवळात दोन-तीनच दिवे लुकलुकताना पाहून त्याने हळहळून ते लिहून ठेवलं. म्हणजे रक्त सांडलं ते जास्त करून पायथ्याला आणि टेकडीवर.

हे मला पायांनी आधी कळलं होतं. एकदा वर गप्पा मारत बसले आणि खाली येणारी शेवटची केबल गाडी चुकली. मग होंझाका या जुन्या पायवाटेने उतरले. दगडी पायऱ्या, देवदाराची दाट झाडी, पाचला अंधार. गुडघे पार कामातून गेले. चढण अशी अरुंद की हजारोंची फौज एका ओळीत मुंग्यांसारखी चालणार. खाली उतरून साकामोतोतल्या सपाट रुंद गल्ल्या आणि दगडी गडगे पाहिले तेव्हा वाटलं, सैन्याला काम सोपं झालं असणार ते इथे.

फादर फ्रोइश जपानला गोव्याहूनच गेले होते असं आमच्याकडे सांगतात. खरं का? आणि त्यांच्या लिखाणावर किती विसंबायचं? (एक वाचक, म्हापसा)

खरं. लुईश फ्रोइश १५४८ साली गोव्यात आले. सेंट पॉल कॉलेजात शिकले, १५६१ मध्ये गोव्यातच त्यांना पाद्रीपद मिळालं आणि १५६३ साली ते जपानला उतरले. गोव्यातच त्यांना फ्रान्सिस झेवियर आणि बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो नावाचा जपानी माणूस भेटले होते. पुढे क्योतोत ते नोबुनागाला प्रत्यक्ष भेटले, त्यामुळे त्यांच्या पत्रांना तोड नाही. पण पाद्र्यांच्या दृष्टीने बौद्ध भिक्षू म्हणजे सैतानाची पिलावळ, तेव्हा हिएई जळल्याचा आनंद त्यांच्या शब्दांत लपत नाही. आकडे आणि दृश्यं घ्या, शेरे बाजूला ठेवा.

त्यांच्याच पत्रातली एक गोष्ट मला फार आवडते. हिएई जळल्यावर ताकेदा शिंगेन या सरदाराने नोबुनागाला पत्र लिहिलं आणि खाली स्वतःला तेंदाई पंथाचा, म्हणजे हिएईवाल्यांच्याच पंथाचा, मोठा भिक्षू म्हणवून सही केली. नोबुनागाने उलट पत्रात सही ठोकली : 'सहाव्या स्वर्गाचा मारराजा नोबुनागा.' बोधिवृक्षाखाली सिद्धार्थाला छळायला आलेला तोच मार, नागपूरच्या दादांना लगेच कळेल. धर्म न मानणाऱ्याला हा विनोद सुचणार नाही. त्यासाठी सूत्रं कानांवरून गेलेली असावी लागतात.

माझा मुलगा कॉम्प्युटरवर 'इक्को-इक्की' नावाच्या भिक्षूंची फौज घेऊन लढतो. हे तेच का हिएईवाले? (एक आई, नाशिक)

नाही हो! हिएईवाल्यांना हे ऐकून राग आला असता. १४६५ साली हिएईच्याच माणसांनी यांचं क्योतोतलं होंगानजी मंदिर पाडलं होतं.

इक्को म्हणजे शिन्रान या भिक्षूच्या परंपरेतले लोक, आणि इक्की म्हणजे त्यांनी एकजुटीने केलेला उठाव. 'नामू अमिदा बुत्सु' हे नाम श्रद्धेने घेतलं की पुरे, अमिदा बुद्ध तारून नेतो. त्याला ना शास्त्र लागतं ना संन्यास. धर्मगुरू लग्न करत, गादी बापाकडून मुलाकडे जाई. हे वाचून वारकरी आठवले ना? मलाही आठवले, आणि नामापुरतं साम्य आहेही. पण रेन्न्यो या होंगानजीच्या आठव्या प्रमुखाने गावोगावी जे भक्तमेळे बांधले ते लवकरच सारा नाकारू लागले, आणि इथे वाट वेगळी होते. १४८८ साली कागा प्रांतात त्यांनी तोगाशी मासाचिका या सरदाराला घेरलं. तो मेला. मग १५८० पर्यंत, म्हणजे ९२ वर्षं, तो प्रांत सरदाराविना चालला. 'शेतकऱ्यांच्या ताब्यातला देश' म्हणत त्याला. तेव्हा मुलाच्या पडद्यावरच्या फौजेत भिक्षू थोडे करा आणि शेतकरी, कोळी, खलाशी, छोटे जमीनदार जास्त भरा.

नोबुनागाला खरं जेरीस आणलं ते यांनी. ओसाकाच्या खाडीमुखावरचं त्यांचं इशियामा होंगानजी हे देऊळ म्हणजे खंदक-तटबंदीचं शहरच. अकरावे प्रमुख केन्न्यो यांनी १५७० साली लढ्याची हाक दिली आणि ते शहर दहा वर्षं पडलं नाही. त्यांच्याकडे साइकाचे बंदूकबाज होते, तोड्याच्या बंदुकीत देशात एक नंबर. १५७६ साली त्यांची एक गोळी खुद्द नोबुनागाच्या पायाला लागली. त्याच वर्षी मोरी घराण्याच्या आरमाराने ओदाची गलबतं जाळून देवळात धान्य पोचवलं. तेव्हा नोबुनागाने कुकी योशिताकाकडून मोठाली, लोखंडी पत्र्याने मढवली असं सांगतात ती जहाजं बांधून घेतली आणि १५७८ मध्ये ती समुद्रवाट बंद केली.

मुलाला यातलं एक सांगू नका, किंवा मोठा झाल्यावर सांगा. नदीमुखाच्या बेटांवर नागाशिमा म्हणून त्यांचा दुसरा गड होता. तिथे नोबुनागाचा एक भाऊ १५७० साली मेला. दोनदा हल्ला फसला. १५७४ साली उपासमारीने जर्जर झालेले लोक दोन गढ्यांत कोंडले, भोवती लाकडी कुंपणं घातली आणि चारी बाजूंनी आग लावली. ओता ग्युइची आकडा देतो वीस हजार. तो नोबुनागाचाच माणूस, तेव्हा धन्याची बदनामी करायला त्याने शून्य वाढवलं असेल असं वाटत नाही.

इशियामा पडलं नाही, सोडलं गेलं. १५८० साली सम्राटाच्या मध्यस्थीने केन्न्यो बाहेर पडले. मुलगा क्योन्यो अडून बसला, तोही चार महिन्यांनी निघाला आणि देवळाने पेट घेतला. बाप-लेकाच्या त्या फुटीतून पुढे दोन होंगानजी झाली. क्योतो स्टेशनजवळ आजही पूर्व आणि पश्चिम अशी दोन्ही उभी आहेत, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. आणि पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो ओसाकाचा किल्ला नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने १५८३ पासून बांधला तो याच जळक्या देवळाच्या जागेवर.

आपल्याकडे असे लढणारे साधू होते का? (एक वाचक, सातारा)

होते की. पानिपतावर १७६१ साली शुजाउद्दौल्याच्या बाजूने आपल्याविरुद्ध उभी असलेली अनुपगीर गोसाव्याची पलटण आठवा. फरक असा की गोसावी पगार देईल त्याच्याकडून लढत, हिएईवाले स्वतःच्या मठासाठी.

मी पुण्यात जपानी भाषेची तिसरी पातळी देतेय. पुढच्या वर्षी क्योतोला जायचा योग आहे. या सगळ्यातलं आज काय बघायला मिळतं? (एक विद्यार्थिनी, पुणे)

वेळ असेल तर वाकायामा जिल्ह्यातलं नेगोरोजी बघ. पोर्तुगीजांच्या बंदुका १५४३ साली तानेगाशिमा बेटावर आल्या आणि थोड्याच काळात नेगोरोचे भिक्षू बंदुका बनवूही लागले. (त्या बंदुकीची कळ गोव्यातल्या बंदुकीशी जुळते असं काही अभ्यासक म्हणतात. म्हापसेकरांसाठी ही वाढीव माहिती.) हिदेयोशीने १५८५ मध्ये नेगोरो मोडलं. सुमारे चाळीस मीटर उंचीचा लाकडी स्तूप आणि मोजक्याच वास्तू वाचल्या. स्तूपाच्या खालच्या लाकडांत गोळ्यांची भोकं दाखवतात. माझी करंगळी एकात पहिल्या पेरापर्यंत गेली आणि पहारेकरी आजोबा खाकरले, म्हणून तू हात लावू नकोस. तीन वर्षांनी हिदेयोशीने देशभरातल्या खेड्यांतल्या तलवारी गोळा केल्या. कारण काय दिलं? क्योतोत मोठी बुद्धमूर्ती उभी करायचीय, तिच्या देवळाला खिळे हवेत.

हिएईला मात्र साकामोतोच्या बाजूनेच चढ. केबल गाडीची वाट २,०२५ मीटर, जपानमधली सगळ्यात लांब, अकरा मिनिटं लागतात. परतीची शेवटची वेळ आधी लिहून घे, माझे गुडघे साक्षीला आहेत. वर कोंपोन च्यूदो हे मुख्य देऊळ, आताचं सतराव्या शतकात शोगुन इएमित्सूने बांधून दिलेलं. २०१६ साली त्याची मोठी डागडुजी सुरू झाली, तेव्हा बाहेरून मांडवच दिसला तर हिरमुसू नकोस, आत जा. अंबरनाथचं शिवालय पाहिलंयस ना? गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं? इथेही आतला भाग सुमारे तीन मीटर खोल, दगडी जमिनीचा, काळोखा. पण आपण वरच थांबायचं. त्या खोलगट काळोखातून देव आणि दिवे बरोबर आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतात.

ते दिवे साइचोच्या काळापासून विझलेले नाहीत असं सांगतात. मग १५७१ चं काय, असं मी तिथल्या तरुण भिक्षूला विचारलं. त्याला हा प्रश्न रोज येत असणार. म्हणाला, त्याआधी, १५४३ साली, इथली ज्योत उत्तरेला यामागाता प्रांतातल्या यामादेराला नेली होती. इथलं सगळं जळल्यावर तिथून परत आणली. मग घड्याळाकडे बघून तो उठला, खाली उतरला आणि तेलाच्या भांड्यावरचं झाकण बाजूला केलं. सरकीच्या नव्हे, मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल. आमच्या घरी गोडतेल संपलं की मी शेजारी वाटी घेऊन जायचे, ती भरलेली वाटी जशी जपून धरायचे तशीच त्याने पळी धरली होती.